डावा खांदा

कोच म्हणून माझी ती पहिलीच मोठी स्पर्धा होती, आणि उपांत्य फेरीत आमच्यासमोर वैरागचा संघ आला. त्या संघाचा कर्णधार माझा जुना जोडीदार. कितीतरी वर्षं आम्ही एकाच संघात बचाव केला. तो उजव्या कोपऱ्यात, मी त्याच्या शेजारी. कबड्डीत बचाव करणारे हात धरून साखळी करतात. त्याचा डावा हात कायम माझ्या उजव्या हातात असायचा. पुढं मी लीगमध्ये गेलो, पगारी खेळाडू झालो, गावोगाव हिंडलो. गुडघा गेला तसा सोलापूरला परतलो आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर काम करणाऱ्या पोरांचा संघ हातात घेतला. तो मात्र वैराग सोडून कुठं गेला नाही. आडत दुकानातली नोकरी सांभाळून चाळिशीकडं झुकेपर्यंत खेळत राहिला.

त्याचा डावा खांदा निखळायचा. पहिल्यांदा निखळला तेव्हा मीच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. त्यानंतर साखळीला जोराचा हिसका बसायच्या आत तो माझा हात सोडून द्यायचा. बघणाऱ्यांच्या ते ध्यानात येत नसे. मला त्याच्या बोटांवरून कळायचं, आणि मी झटकन सरकून मधली फट बुजवायचो. ही गोष्ट आम्हा दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मैदानाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर तो भेटला. गुडघ्याची चौकशी केली, माझ्या पोरांच्या पकडीचं कौतुक केलं. मग कप खाली ठेवून सरळ विचारलं, "खांद्याचं सांगणार हाईस का पोरांना?"

खोटं बोलावं असं मनात आलं. पण तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

"व्हय," मी म्हणालो. "आता तेच काम हाय माजं."

"मग सांग की. मी कुटं न्हाय म्हणतोय?" तो हसला. "पर मला बी माजं करू दे."

दुसऱ्या दिवशी तो मॅटवर उतरला. त्याच्या खांद्याला जाड पट्टी होती. पण उजव्या.

सकाळीच मी पोरांना बजावलं होतं, डावा खांदा कच्चा आहे. आता पोरं एकदा पट्टीकडं बघत होती, एकदा माझ्याकडं. त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला. आमचा एकेक गडी उजवीकडच्या कडेनं, त्या पट्टीच्या बाजूनं शिरायचा आणि तो त्याच धडधाकट हातानं घोटा धरून त्याला खाली आणायचा. मी बाकाजवळून ओरडत होतो, पण गर्दीच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. मध्यंतराला आम्ही चांगलेच मागं होतो.

आमचा मुख्य चढाईवाला बाटली तोंडाला न लावताच म्हणाला, "सर, तुमी डावा म्हणला. पट्टी तर उजव्याला हाय."

त्याच्या आवाजात राग नव्हता, शंका होती. राग परवडला असता. संघाचे सेक्रेटरीही मागं येऊन उभे राहिले होते.

"पट्टी सोडा," मी म्हणालो. "त्याचा डावा हात बघा. आधी पार दुसऱ्या टोकाला झेप घ्या. सगळी साखळी तिकडं ओढली जाईल. हिसका बसायच्या आत तो शेजाऱ्याचा हात सोडतो. सुटला की तशीच गिरकी मारा. शेजाऱ्याची पाठ उघडी मिळंल."

"आणि न्हाय सोडला तर?"

"सोडतो," मी म्हणालो. "मला ठावं हाय."

पहिल्याच चढाईला हात सुटला. शेजारी बाद. पुढच्या वेळी पुन्हा तसंच. पोरांच्या अंगात वारं शिरलं, गुण चढत गेले. बाद होऊन बसलेले त्याचे गडी पुन्हा आत यायचे आणि आम्ही पुन्हा तीच फट शोधायचो. त्यानं एकदाच माझ्याकडं बघितलं, बुक्की मारल्यासारखं. त्यानंतर बघितलं नाही.

शेवटची चढाई आमची होती आणि गुण बरोबरीत होते. आमचा गडी मध्यरेषेवर उभा राहिला. माझी नजर जोडीदारावर होती. त्यानं शेजाऱ्याचा हात धरला आणि बोटं एकात एक अडकवली. अशी तो कधी अडकवत नसे. हा आता सोडणार नाही, हे मला कळलं. ओरडून गड्याला थांबवावं, तर हातची चढाई जाते. जाऊ द्यावं, तर त्याचा खांदा जातो. मी तोंड उघडलं, पण काय ओरडायचं हे ठरेपर्यंत पोरगा झेपावला होता.

साखळी ओढली गेली. हात सुटला नाही. आमच्या गड्यानं गिरकी घेतली, तिथं फट नव्हती. आणि उजव्या हातानं माझ्या जोडीदारानं त्याचा घोटा धरला. दोन्हीकडून ताण बसला. त्याचं तोंड वाकडं झालं, तरी बाकीचे गड्यावर पडेपर्यंत त्यानं दोन्ही हात सोडले नाहीत. शिट्टी वाजली. एका गुणानं आम्ही हरलो.

मी मॅटवर धावलो. त्याचा हात लुळा लोंबत होता. डॉक्टर यायच्या आत तो मला म्हणाला, "पोरगं चांगलं हाय तुजं. त्याला वरडू नगंस."

ऑपरेशन झालं, आणि त्याचं खेळणं संपलं. अंतिम सामना त्याच्याविना त्याचा संघ हरला. सेक्रेटरींनी मला ठेवून घेतलं. का, ते सांगितलं नाही. आता तोही वैरागच्या पोरांना शिकवतो. फोनवर आम्ही बोलतो, तेही बहुतेक पोरांबद्दलच.

ऑपरेशननंतर महिन्याभरानं त्याला बघायला घरी गेलो होतो, तेव्हा तो झोपला होता. वहिनींनी चहा दिला आणि उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.

"भाऊजी, हे हात सोडणार न्हाईत, ते तुमाला आधीच दिसलं असंल की."

"व्हय."

त्यांना पुढं काही विचारायचं होतं, असं वाटलं. पण त्या आत गेल्या, आणि मी तो उठेपर्यंत तसाच बसून राहिलो.