लाईट गेलीय

दुपारचा डबा झाकला की हत्तुरे सरांना डुलकी लागते, ही आयटीआयमधली बावीस वर्षांची सवय. आज डबा उघडलेलासुद्धा नाही, तरी डोळे मिटतायत. समोर ऑफिसातून टाइप होऊन आलेला, त्यांच्या नावाचा जबाब पडलाय. 'प्रशिक्षणार्थी दुर्पता ननवरे यांनी निदेशकांची सूचना नसताना, स्वतःच्या निष्काळजीपणाने वायरिंगला हात लावला.' खाली सहीची जागा कोरी. चार वाजता शिपाई कागद न्यायला येणार. हातात पेन तसंच धरून सर टेबलावर मान टाकतात.

सूचना नसताना! अहो, निदेशक म्हणजे सरच, आणि सूचना त्यांनीच दिली होती. तपासणीचं पथक दारात, स्विचबोर्डाचं काम अर्धवट, त्यात वीज गेलेली. सर घाईत ओरडले, "लाईट गेलीय, तोवर उरकून घे गं!" मेन स्विच कुणीच पाडला नाही. आणि लाईट आली. त्याला आज बारा दिवस झाले.

"सर, झोपलाव व्हय?"

दुर्पता उभी आहे. साडीवर निळा ॲप्रन, पदर कमरेला खोचलेला. तिशी उलटलेली, दोन लेकरांची आई, पोरांच्या वर्गात एकटी बाई.

"तू कशी आलीस?"

"यष्टीनं. आज बसायला जागा बी मिळाली."

वर्कशॉप तेच आहे, पण जमीन सारवलेली आहे आणि लेथ मशीनच्या जागी तिची चूल पेटलीय. चुलीमागच्या भिंतीवर ती जिन्याचं वायरिंग जोडतेय. दिवा एक, बटणं दोन, एक खाली, एक वर.

"तुमी खालचं दाबा."

सर दाबतात. दिवा लागत नाही. चूल कुठं गेली कोण जाणे, आता नुसता जिना आहे आणि ती पार वर पोचलीय.

"वरचं दाब की!"

"वर बटणच न्हाई, सर."

सर चढायला जातात, तर पायरी सरकून पुन्हा खाली येते. ते तिथंच मटकन बसतात. "दुर्पता, लाईट गेलीय असं मी म्हणालो होतो."

"आन् पयल्या दिवशी फळ्यावर काय लिवलं हुतं? लाईट गेली म्हंजी बंद झाली असं न्हवं. गेलेली कवाबी येती."

"मग टेस्टर का नाही लावलास?" सर खेकसतात, आणि आपल्याच आवाजाची त्यांना लाज वाटते. मेलेल्या माणसावर खेकसायचं म्हणजे हद्द झाली.

ती मात्र चिडत नाही. "तुमी म्हणलाव, गेलीय. तुमच्याम्होरं टेस्टर लावायचा? म्हंजी सरांचा शब्द खोटा पाडायचा? बरं दिसतं का त्ये?"

सरांना हुंदका आवरत नाही. इतकी वर्षं पोरांना तारा जोडायला शिकवलं, पण माझ्याही शब्दावर विश्वास ठेवू नका, एवढं सांगायचं राहून गेलं. सगळे मान देतात म्हणून ते मनातून सुखावत होते, दुसरं काय!

"गावात म्हणत्यात, बाईनं इजंच्या नादाला लागायचंच न्हवतं," ती सांगते. "म्हणूद्यात. पर कागदावर मला बेफिकीर लिवू नगा, सर. म्या येकबी प्रॅक्टिकल चुकवलं न्हाई."

"नाही लिहिणार. आईशप्पथ. त्या जबाबावर मी सही करत नाही, नोकरी गेली तरी चालेल."

"मंग ह्ये तेवढं करा." ती जर्नल पुढं धरते. आता ती अगदी जवळ आहे, ॲप्रनला खोबरेल तेलाचा वास येतोय. "शेवटच्या प्रॅक्टिकलवर सही ऱ्हायलीय. पास झाले का मी?"

"झालीस! वर्गात पहिली." बारा दिवसांत पहिल्यांदा सरांच्या जिवाला बरं वाटतं. ते पेन दाबून, लफ्फेदार, पूर्ण सही करतात.

"तारीख बी टाका."

ते तारीखही टाकतात.

"सर, चार वाजले." शिपाई मौलाभाई खांद्याला हलवतोय.

सर मान उचलतात. हाताखाली जबाब आहे. निष्काळजीपणाच्या ओळीखाली त्यांची सही, लफ्फेदार, पूर्ण, आणि आजची तारीख. शाई अजून ओली आहे, करंगळीला लागलीय.

कागद फाडायला त्यांचा हात पुढं जातो आणि टेबलाच्या कडेवर थांबतो. फाडला तर दुसरा टाइप होऊन येईल. मग सही जागेपणी करायला लागेल.

"झाली ना सही?" मौलाभाई विचारतो.

"झाली," सर म्हणतात.