एक नोव्हेंबरचं बारसं

दुपारी डोळा लागता लागता गिरिजाचा आवाज कानावर येतोय. माझी सून. धारवाडच्या आपल्या आईशी फोनवर कानडीत बोलतेय. मला कानडी समजतं हे ठाऊक असूनही आवाज कमी करत नाही. बाळाचा बारावा दिवस एक नोव्हेंबरला येतो. त्या दिवशी कर्नाटकाचा राज्योत्सव, धारवाडात झेंडे लागतात, मिठाई वाटतात. छप्पन साली त्याच दिवशी आमचा बेळगावचा मुलूख म्हैसूर राज्यात ढकलला गेला, म्हणून आम्ही मराठी माणसं काळ्या फिती लावतो. आमच्या घरात तर चूलच पेटत नाही. माझ्या आईनं घातलेला दंडक. बारसं करायचं की नाही, ते संध्याकाळपर्यंत मला सांगायचंय.

आवाज विरत जातो. ओसरीवर कुणीतरी चपला झटकतंय.

आबा आहेत, माझे वडील. त्याच सालच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात डोक्यात लाठी बसून गेले, तेव्हा तिशीचे होते आणि मी परकरातली पोर. ते अजून तिशीचेच आहेत.

"कोण गे तू? शेवंती घरात हाय काय?"

"मीच शेवंती, आबा."

निरखून बघतात, मग हसतात. "केवढी म्हातारी झालीस गे!"

मला रागच येतो. मागे राहिलेल्यांना म्हातारं व्हावंच लागतं.

स्वयंपाकघराचं दार ढकलते तर पलीकडे शाळेचं मैदान. आबा धोतराचा सोगा घट्ट धरून चाललेत. सोग्यात साखर आहे.

"झालं काय आमचं राज्य?"

"झालं, आबा."

"मुंबईसकट?"

"मुंबईसकट."

माझ्या हातावर ते मूठभर साखर घालतात आणि निघतातच. मैदानाची आता आमची गल्ली झालीय. आबा दारोदार साखर वाटतायत. दारं उघडतात, हात पुढे येतात, माणसं दिसत नाहीत. मी मागून हाका मारतेय, पण ऐकतील तर ते आबा कसले! शेवटच्या दारापाशी ते थबकतात. वरची पाटी कानडीत आहे. मागे वळून एकेक पाटी बघत येतात.

"शेवंते, आणि आमचं गाव?"

"राहिलं. इकडंच राहिलं."

"मग माझं डोस्कं कशाला फुटलं?"

तोंडाला येईल ते ओकून टाकते. "एक मे आला की तिकडं मुंबईत सोहळा होतो. आमची आठवण निवडणुकीपुरती. चौकात तुमच्या नावाचा दगड बसवलाय. त्याला वर्षाला एक हार, आणि आम्हाला वर्षाला एक उपास. आई मरेपर्यंत उपाशी राहिली त्या दिवशी. तुमच्यासाठी!"

"मी सांगितल्तो काय तिला?"

एवढंच म्हणतात. आई ऐकायला नाही हे बरं.

मग आबा पुन्हा त्याच दारांशी जातात आणि साखर परत मागू लागतात. "चुकून वाटलो. द्या परत." दारं धाडधाड लागतात. माझा तरणाताठा बाप बंद दारांपुढं ओंजळ धरून उभा आहे. मला बघवत नाही.

शेवटी माझ्यापुढं येतात. "तुझीबी दे."

"ही नाही देणार."

"चुकीची हाय ती, पोरी."

"असू दे चुकीची. घरात पणती आलीय तुमची. तिची आई कानडी आहे. बारसं एक तारखेला येतंय."

आबांचा चेहरा दगडासारखा होतो. माझं मनगट धरून एकेक बोट उकलायला लागतात. जोर तिशीतल्या गड्याचा. मी दात आवळून मूठ मिटते. बापाशी अशी झटापट जिवंतपणी कधी केली नव्हती.

"सोडा, आबा! तुम्हाला नाही मिळालं म्हणून तिलाही नको?"

मनगट सुटतं.

गिरिजा माझा खांदा हलवतेय. "अत्ती, ओरडत होता तुम्ही. आई फोनवर थांबलीय. काय सांगू?"

"एक तारखेलाच या म्हणावं. चूल मी पेटवीन."

ती माझ्या हाताकडे बघतेय. मूठ अजून मिटलेलीच आहे. उघडते तर तळव्यात नखं रुतून रक्त आलंय, आणि त्या रक्तात साखरेचे दाणे चिकटलेत.