मंगल मॅडमच्या वाट्या

नवी पोरं आली की मंगल मॅडम त्यांना कॉम्प्युटरला हात लावू द्यायच्या नाय. पहिलं मला हाक मारायच्या, "मावशी, वाट्या आणा." पुंडलिकनगरला त्यांचा क्लास होता, मी तिथं झाडलोट करायची. एका वाटीत ज्वारी, दुसरीत डाळ. हिच्यातलं तिच्यात अन् तिच्यातलं हिच्यात करा म्हणायच्या. पोरं गोंधळायची, दाणे सांडायचे, झाडावं मला लागायचं. मग त्या तिसरी वाटी मधी ठेवायच्या, रिकामी. "अदलाबदल करायची तर एक जागा रिकामी लागते. मशीनलाही."

बोलणं कमी. हसणं त्याहून कमी.

माझी लेक सुनंदा नवऱ्याचा मार खाऊन मुकुंदवाडीला माझ्याकडं आली. सासरचे पैठणहून दर आठ दिवसाला न्यायला यायचे. हाताला काम नसतं तर तिला जावंच लागलं असतं. मॅडम म्हणाल्या, हिला मी शिकवते, पास झाली तर इथंच शिकवायला ठेवते.

परीक्षेत काम एवढंच. पडद्यावरच्या तीन खोक्यांत आकडे भरा नायतर नावं, मशीननं ती वळीनं लावली पाहिजेत, असा प्रोग्राम पोरीनं लिहायचा. नावं हजेरीसारखी बरोबर लागली. आकडे मात्र आले दहा, शंभर, मग नऊ. पोरीनं आकडेबी नावासारखेच धरले होते. दहा अन् शंभर एकानं सुरू होतात, म्हणून मशीननं ते नऊच्या आधी लावले. मॅडमनी नापास केली.

मी हात जोडले. एवढी चूक कोण बघतंय, म्हणलं.

"मावशी, नऊ शंभराच्या मागं गेला तरी मशीन तक्रार करत नाही. माणसानंच बघायचं असतं. उद्या ही दुसऱ्यांच्या लेकरांना शिकवणार."

पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाय. चहा ठेवायची अन् निघायची. त्या रोज सुनंदाला घेऊन बसायच्या, खोक्यात आकडा हाय का नाव ते आधी ओळख, मग लाव, असं सांगत. मधीच पोट धरून भिंतीला टेकायच्या. मला दिसायचं. मी इचारलं नाय, लई राग होता.

दुसऱ्या बारीला सुनंदा पास झाली. मॅडमनी क्लासच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या. मला म्हणाल्या, "आता मला दवाखान्यात जाता येईल."

त्या माघारी आल्या नाय. ऑपरेशनची तारीख त्यांनी दोनदा पुढं ढकलली होती, हे त्यांच्या बहिणीनं मला मातीनंतर सांगितलं.

सुनंदा आजबी तिथंच शिकवती. तारखेचं मी तिला सांगितलं नाय. ते माझ्यापाशीच राहू दे.