मृगापर्यंतची हमी

आरमोरीच्या समोर, वैनगंगेच्या अलीकडच्या काठावर गुणवंतरावांची पागा होती. घोड्या पाळायच्या, शिंगरं वाढवायची आणि विकायची, हा घराचा पिढीजात धंदा. घोडं विकता विकता माणूस खोटं बोलायला शिकतो म्हणतात. गुणवंतरावांना ती विद्या शेवटपर्यंत आली नाही. गिऱ्हाईक आलं की ते आधी घोड्याची खोड सांगत, मग खरं वय सांगत, आणि एवढ्यावर गिऱ्हाईक टिकलंच तर चहा सांगत.

त्यावर कडी म्हणजे त्यांचे वडील, बापूजी, यांनी घालून दिलेला नेम. विकलेलं घोडं मृग लागायच्या आत आपल्या पायानं परत आलं, तर ते घरचं. गिऱ्हाइकाचे पैसे परत. मृगानंतर नदी भरते, मग येणं घोड्याच्या हातात राहत नाही, म्हणून मुदत तेवढी. बापूजींच्या काळात एकही घोडं परत आलं नाही. बापूजी फार शिस्तीचे होते. परत यावंसं वाटेल असं पागेत काही नव्हतं.

गुणवंतरावांच्या काळात मात्र येणाऱ्यांची रीघ लागली. उन्हाळ्यात ते पहाटेच घोड्यांना नदीत नेत, रेतीत झिरा खणून गार पाणी पाजत, दुपारी आंब्याखाली शिंगरांच्या पाठीवर ओली पोती टाकत. संध्याकाळी प्रत्येकीला मूठभर मोहफुलं. परत आलेल्या घोड्याला दोन मुठी, कारण बिचारं चालून आलेलं असे. आपण जनावराला परत यायचा पगार देतो आहोत, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही. त्यांच्या बायकोच्या, अन्नपूर्णेच्या आलं.

"तुमी घोडे विकत नाई, हवा खायले धाडता," ती म्हणे.

बिजली नावाची घोडी या कामात तरबेज. एका मालगुजाराला विकली, परत आली. वरातवाल्याला विकली, तर अंगावरच्या झुलीसकट आली. झूल परत करायला गुणवंतराव स्वतः गेले आणि वर शिव्या खाऊन आले.

पुढे मालगुजारी गेली, साहेब लोक जीपमधून फिरू लागले. घोडं मागणारं कोणी उरलं नाही. त्या साली होळीलाच कडबा तळाला गेला, आणि अन्नपूर्णेनं स्पष्टच सांगितलं, "बिजलीले आता शिंगरू होत नाई. ते राह्यली तं दूध पाजनाऱ्या घोड्या उपाशी मरतीन." गुणवंतरावांनी उरलेल्या पेंढ्या दोनदा मोजल्या आणि बिजली पुन्हा विकायला काढली.

तेवढ्यात आरमोरीपलीकडच्या जंगलातल्या गावाहून इसरू आला. त्याची बायको सोमारी पाय मोडून अधू झाली होती, आणि बाजारात भाव करणं तिलाच जमे. इसरू कोणी मागेल त्या भावात हिरडा देऊन मोकळा होई. तिला बाजाराला न्यायला घोडी हवी होती. गुणवंतरावांना हा माणूस लगेच आवडला. त्यांनी बिजलीचं वय सांगितलं, खोड सांगितली, बापूजींचा नेम सांगितला.

"हे परत येते, भाऊ."

"येऊ द्या. पाय तिचे हायेत," इसरू म्हणाला आणि घोडी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवसापासून गुणवंतराव एक झिरा जास्त खणू लागले.

"हा कोनासाठी?" अन्नपूर्णेनं विचारलं.

"पाखरांसाठी."

"पाखरं एवढं पानी पेतात?"

"उन्हाळा हाये."

बंडीच्या खिशात ते मोहफुलांच्या दोन मुठी ठेवत. खिशाला मुंग्या लागल्या, तरी ठेवत. चैत्र गेला, वैशाख गेला, नदी आटून नुसती रेती राहिली, म्हणजे येणाऱ्याला रस्ता मोकळा. बिजली काही आली नाही. गुणवंतरावांचा जीव तुटत होता. पण धंद्यातल्या माणसानं विकलेल्या मालासाठी डोळ्यांत पाणी आणायचं तर कोणत्या तोंडानं?

जेठ अर्धा सरला तेव्हा त्यांना एकदम उमगलं, घोडी बांधून ठेवली असणार. बांधलेल्या जनावरानं यायचं कसं? ही तर नेमाची फसवणूक झाली. मृग दोनच दिवसांवर आला होता. त्यांनी पागोटं बांधलं आणि नदी ओलांडून तावातावानं इसरूच्या गावाची वाट धरली.

इसरूच्या अंगणात ना दावं होतं, ना खुंटा. भलं मोठं मोहाचं झाड होतं आणि त्याखाली बिजली मोकळी उभी होती. शेजारी वाळल्या मोहफुलांची रास होती. घोडी अधूनमधून राशीत तोंड घालत होती आणि कोणी तिला हटकत नव्हतं.

"बांधत नाई काय?" गुणवंतरावांनी विचारलं.

"कायले? तिले जाचं असन तं जाईन," इसरू म्हणाला.

बिजलीनं त्यांना ओळखलं. जवळ येऊन तिनं त्यांचा खिसा हुंगला, दोन्ही मुठी खाल्ल्या, हात चाटला. गुणवंतराव तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. त्यांना फार बरं वाटलं. मग ओट्यावर काठीचा आवाज झाला. बाजाराचा दिवस होता, सोमारी उठत होती. बिजली त्यांच्या हाताखालून निघाली आणि ओट्याला अंग लावून उभी राहिली, तिला चढता यावं म्हणून.

पागेत हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

सोमारी वर बसली, इसरूला गोंडीत काहीतरी बोलली आणि हसली.

"काय म्हणते?" गुणवंतरावांनी विचारलं.

"मी तिले तुमचा नेम सांगितला होता, भाऊ," इसरू संकोचून म्हणाला. "ते म्हणते, घोडी तं गेली नाई. मिरगाच्या आत आपल्या पायानं तुमीच आले. आता तुमाले घरचं म्हनाव लागते."

गुणवंतरावांनी नेम मनात पुन्हा तपासून पाहिला. बापूजींनी या बाजूचा विचार केलेला नव्हता. इसरूनं पुढ्यात ठेवलेली पेज गुणवंतरावांनी घरच्यासारखी प्यायली आणि आरमोरीपर्यंत ते बिजलीच्या बरोबरीनं चालत आले. बाजाराशी ती वळली. ते सरळ नदीकडे गेले.

घरी अन्नपूर्णा दारातच उभी होती.

"घोडी कुठी हाये?"

"विकली," गुणवंतराव म्हणाले, आणि मोरीपाशी जाऊन त्यांनी खिशातल्या मुंग्या झटकल्या.