मिरचीचा प्रश्न

आमच्या लोणावळ्याच्या घरमालकांचा या जगात कशावरही विश्वास नव्हता. एखाद्याचा सरकारवर नसतो, एखाद्याचा डॉक्टरवर नसतो, पण माणूस कुठेतरी थांबतो. आमचे घरमालक थांबत नसत. कॅलेंडरात मंगळवार दिसला तरी ते शेजारी जाऊन आज वार कोणता म्हणून विचारून येत, आणि शेजाऱ्यानंही मंगळवारच सांगितला तर त्यानंही तेच कॅलेंडर पाहिलं असणार असं म्हणून तिसऱ्याकडे जात. सगळी आळी त्यांना आबा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. उंच, सडसडीत अंग, डोक्यावर पांढरी टोपी आणि डावी भुवई कायम वर चढलेली. ती झोपेतसुद्धा खाली येत नाही, असं त्यांची बायको, म्हणजे आमच्या मावशी, सांगत. समोरचा काहीही बोलला की ती भुवई आणखी जराशी वर सरके आणि आबा विचारत, "कशावरनं?" तुम्ही नुसतं राम राम म्हटलंत तरी, याला आजच राम राम का सुचला, अशा नजरेनं ते तुमच्याकडे पाहत राहत.

मी लोणावळ्याच्या एका शाळेत भूगोलाचा मास्तर म्हणून नवा लागलो होतो आणि त्यांच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घ्यायला गेलो होतो. मी मास्तर आहे असं सांगितल्यावर त्यांनी खोल्या दाखवल्या, पण किल्ली दिली नाही. दोन दिवस मी एका ओळखीच्या माणसाकडे वळकटी टाकून राहिलो. तिसऱ्या दिवशी वर्गात मोसमी वारे शिकवत असताना मागच्या बाकावर एक पांढरी टोपी दिसली. हेडमास्तरांची रीतसर परवानगी काढून आबा येऊन बसले होते. घंटा झाल्यावर उठले आणि दारातल्या शिपायाला म्हणाले, "शिकिवतो खरा." संध्याकाळी किल्ली माझ्या हातात आली. एवढं कडक इन्स्पेक्शन मला पुढच्या साऱ्या नोकरीत भोगावं लागलं नाही.

म्हैस पिळताना ते गोठ्यात उभे राहत, हे एक वेळ समजू शकतो. पण दुधात पाणी घालताना कुणी सापडलं नाही, तेव्हा त्यांनी म्हशीला पिळण्याआधी पाणी पाजण्यावर आक्षेप घेतला. दरीच्या तोंडाशी दरी किती खोल आहे ते सांगणारी एक पाटी होती. मुंबईची मंडळी ती वाचून अबब म्हणायची आणि फोटो काढायची. आबांनी ती वाचली आणि घरून दोराला धोंडा बांधून आणला. दोर संपला, तळ लागला नाही. मग ते बाजारात दुसरा दोर घ्यायला गेले, तिथे दुकानदारानं सांगितलेल्या लांबीवर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून दोर मोजायला बसले, आणि दुकानदाराच्या गजाबद्दल शंका आल्यामुळे दरीचं काम तिथंच राहिलं. पावसाळ्यात सरकारी माणूस पाऊस मोजायचा, तर यांनी परसात स्वतःचा पत्र्याचा डबा ठेवला होता. चिक्कीच्या प्रत्येक दुकानावर मूळ दुकान हेच असं लिहिलेलं असे. आबा दर दुकानात जाऊन मालकाला शेजारचा मालक खोटारडा आहे का, असं शांतपणे विचारत. त्यांना पाहिलं की चिक्कीवाले गल्ल्यावर मुलांना बसवून मागे जाऊन उभे राहत.

या संशयापायी माणसाला ज्ञान किती झालं होतं म्हणून सांगू. रोज दोन वर्तमानपत्रं वाचायची. दोन्हींत बातमी वेगवेगळी असली तर एक खोटं, आणि सारखी असली तर दोघांनी मिळून ठरवलेलं. मग वाचनालयात जाऊन पुस्तक काढायचं, त्या पुस्तकाची खात्री करायला दुसरं काढायचं. असं करता करता राजधान्या, ग्रहतारे, लढाया, झाडंझुडपं, सगळं त्यांच्या डोक्यात जाऊन बसलं होतं. पण त्यातलं काहीच ते स्वतःच्या जबाबदारीवर सांगत नसत. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हेसुद्धा ते "असं म्हणत्यात" अशी पुस्ती जोडूनच सांगत.

मला विचाराल तर यात त्यांचा दोष थोडा आणि नोकरीचा जास्त. मूळचे ते वडिवळ्याकडचे शेतकरी, पण वीस-बावीस वर्षांचे असताना रेल्वेत लागले आणि घाटात सांधेवाले झाले, म्हणजे गाडी कोणत्या रुळावर घालायची ते सांधे फिरवून ठरवणारे. घाट उतरताना एखाद्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर खाली जाऊन तिचा कपाळमोक्ष व्हायचा. म्हणून वाटेत एक रूळ डोंगराच्या चढावर नेऊन सोडलेला असतो. सुटलेली गाडी त्यावर घालायची, म्हणजे चढून चढून आपोआप दमते. गंमत अशी, की सांधे कायम त्या चढाच्या रुळाकडेच लावलेले असायचे. गाडीनं यायचं, पुरतं थांबून दाखवायचं, शिटी द्यायची, मगच तिला सरळ वाट मोकळी. म्हणजे येणारी प्रत्येक गाडी सुटलेलीच आहे असं धरून चालायचं, हीच नोकरी. आबांनी ती जन्मभर चोख केली आणि निवृत्त झाल्यावर माणसांच्या बाबतीत चालू ठेवली.

मावशी याच्या अगदी उलट. दारावर बोहारीण आली आणि हे पातेलं विलायतेतून आलंय म्हणाली, तर मावशी तिला चहा देऊन विलायतेचं हवापाणी विचारायच्या. पण नवऱ्याच्या या खोडीनं त्या मनातून दुखावलेल्या होत्या. एकदा तांदूळ निवडता निवडता मला म्हणाल्या, "लगीन होऊन आले तवापासनं बघतीय, मास्तर. मी भात शिजला म्हणलं तरी ह्ये शीत दाबून बघत्यात. एकदा, नुसतं एकदा म्हणावं, तू म्हणतीस म्हंजी असंल. बाकी मला काय बी नगं." मी काहीतरी विनोद करायला गेलो, पण त्या हसल्या नाहीत.

त्या सुमारास मुंबईचा टीव्ही नवा होता आणि आमच्या आळीत तो फक्त डॉक्टरांकडे होता. गच्चीवर बांबू, बांबूवर अँटेना, आणि पडद्यावर निम्म्या मुंग्या, निम्मी माणसं. आठवड्यातून एकदा नवरा-बायकोच्या जोड्यांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारण्याचा कार्यक्रम तिथून थेट लागायचा. आळी जमून टाळ्या पिटायची आणि आबा भिंतीला टेकून उभे राहायचे. त्यांच्या मते सगळं आधीच ठरलेलं होतं. त्यांचा पुरावा असा, की उत्तर देण्याआधी जो तो डोकं खाजवायचा. "ठावं असंल तर खाजवायचं कशापायी?" असं म्हणून ते सगळ्यांच्या रंगाचा बेरंग करत. एका संध्याकाळी मावशी वैतागून म्हणाल्या, मग जाऊन बघा की, मी बी येते. आबांनी दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून पत्र टाकून घेतलं. ज्ञान दाखवायला नव्हे, चोरी पकडायला.

बोलावणं आलं तेव्हा ते खरं कशावरून, म्हणून आबा एकटेच मुंबईला जाऊन ती इमारत जागेवर आहे याची खात्री करून आले. ठरलेल्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मला साक्षीदार म्हणून घेतलं होतं. तिथे तोंडाला पावडर लावायला एक बाई आल्या, तर आबांनी आपला चेहरा लपवायचं कारण विचारलं. टेबलाखाली वाकून तारा तपासल्या. प्रश्न विचारणारे गृहस्थ फार सभ्य होते. त्यांच्या हातातली कार्डं आबांनी पिसून मागितली, तेव्हा त्यांनी हसून खरोखरच पिसली.

समोर गिरगावातलं एक प्राध्यापक जोडपं होतं आणि ते दोघंही डोकं खाजवत होते. आबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. घंटा वाजायच्या आत उत्तर जोडीतल्या एकानं द्यायचं असा नियम होता आणि आमच्याकडून ते आबांनी द्यायचं हे त्यांनीच ठरवून टाकलं होतं. जगातलं सर्वांत उंच शिखर कोणतं, असं विचारल्यावर ते म्हणाले, "एव्हरेस्ट म्हणत्यात." हेच तुमचं उत्तर का, असं त्या गृहस्थांनी विचारलं. "माझं न्हाई. ज्यांनी मापलं त्यांचं." लोक हसले आणि गुण मिळाले. असे बरेच मिळाले. मावशींना येणारे प्रश्न आले की मात्र घोटाळा व्हायचा. कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू किती दिवसांनी बाहेर येतं, हे विचारलं तेव्हा मावशी चटकन एकवीस म्हणाल्या. घरी परसात कोंबड्या होत्या, आबा रोज अंडी मोजायचे, तरी त्यांनी भुवई वर करून बायकोला "कशावरनं?" म्हणून विचारलं, आणि मावशी सांगायला लागल्या तोवर घंटा वाजली. पुढं आणखी एकदा तसंच झालं. मावशींनी पदर नीट केला आणि समोर बघत बसल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

शेवटी दोन्ही जोड्यांचे गुण सारखे झाले आणि शेवटचं कार्ड आमच्या वाट्याला आलं. मिरची मूळची कुठली? आशिया, आफ्रिका की अमेरिका? मी खुर्चीचा हात घट्ट धरला. मावशी एकदम सावरून बसल्या. वडिवळ्याच्या बांधावर मिरची, लोणावळ्याच्या परसात मिरची, जन्म मिरचीत गेलेला. त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आपलीच की. हितलीच हाय."

आबांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. भुवई वर गेली. आता तो शब्द येणार आणि पाठोपाठ घंटा वाजणार, हे मला, त्या गृहस्थांना आणि बहुधा डॉक्टरांकडे जमलेल्या साऱ्या आळीला ठाऊक होतं. मावशी डोळ्याला डोळा भिडवून बसल्या होत्या. आबा बघत राहिले, आणि मग ती भुवई हळूहळू खाली आली. मी ती खाली आलेली त्याआधी कधी पाहिली नव्हती. समोर वळून ते म्हणाले, "मिरची आपली. आशियाची."

त्या सभ्य गृहस्थांना एव्हाना आबांची सवय झाली होती. त्यांनी हसत विचारलं, "कशावरून म्हणता?"

"ही म्हणतीय म्हणून," आबा म्हणाले.

लोक खो खो हसले. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. उत्तर चुकलं, मिरची अमेरिकेची आहे, असं त्या गृहस्थांनी फार हळहळून सांगितलं, पण ते मावशींपर्यंत पोचलं असेल असं मला वाटत नाही. चुकलेल्या प्रश्नाचे गुण समोरच्यांना, म्हणून प्राध्यापक जोडप्याला मनगटी घड्याळं मिळाली. आम्हाला एक थर्मास मिळाला.

परतीच्या गाडीत आबा थर्मासाचं झाकण काढून आत बघत होते. मावशी मात्र मला समजावून सांगत होत्या, की गोऱ्या माणसांना तिखट सोसत नाही, त्यांच्याकडे मिरची होईल कशी. आळीतही कुणी त्यांना हरलेलं मानलं नाही. बाजारातल्या मिरचीवाल्या बायका तर टीव्हीवर रागावल्या होत्या. वडिवळ्याचे लोक मुद्दाम भेटायला आले आणि आमच्या बांधावरची मिरची अमेरिकेची कशी, म्हणून मलाच फैलावर घेऊन गेले. आबांचा संशय पुन्हा पहिल्यासारखा सुरू झाला. थर्मासात चहा खरंच गरम राहतो का हे बघायला ते दर पाच मिनिटांनी झाकण उघडत, चहा गार होई, आणि थर्मास ही शुद्ध फसवणूक आहे असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. भाताचं शीत दाबणंही चालू राहिलं. मावशींना आता त्याचं काही वाटत नव्हतं. एवढं मात्र माझ्या लक्षात आलं, की दरीत दोर सोडणाऱ्या या माणसानं मिरचीच्या मुळाबद्दल पुढे एकही पुस्तक उघडलं नाही.

काही वर्षांनी माझी साताऱ्याकडे बदली झाली. दोघंही स्टेशनवर पोचवायला आले. मावशी माझा तांब्या घेऊन नळावर गेल्या, तेव्हा आबांनी इकडेतिकडे कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि खिडकीशी तोंड आणून म्हणाले, "मास्तर, त्या मिरचीचं मला ठावं व्हतं. अमेरिकेचीच हाय. लय आधी वाचलंतं मी, तीन पुस्तकांत."

मी थक्क झालो. मग तिथे सांगितलं का नाही, असं विचारलं.

"सांगणारच व्हतो," ते म्हणाले. "पर ही हितली म्हणली. तिच्या तोंडाकडं बघितलं, आन मला माझाच संशय आला. पुस्तकं लिवणारी कोण, कुटली, मला काय ठावं. हिला तर मी वळखतो."

एवढ्यात मावशी तांब्या भरून आल्या आणि काय सांगत होते म्हणून विचारू लागल्या. आबा रुळांकडे बघत उभे राहिले. जपून जा म्हणत होते, असं मी सांगितलं. मावशींना ते लगेच खरं वाटलं. गाडी हलली, आणि टोपी आणि पदर बराच वेळ शेजारी शेजारी दिसत राहिले.

आता दोघंही नाहीत, म्हणून हे लिहिलं. आधी मावशी गेल्या, मग वर्षाच्या आत आबा. मला त्यांची फार आठवण येते. मावशी शेवटपर्यंत दोन गोष्टी सगळ्यांना सांगत असत. एक म्हणजे मिरची आपलीच आहे, आणि दुसरी म्हणजे आपल्या माणसानं साऱ्या मुंबईसमोर आपलं ऐकलं. त्यातली एक चूक होती, आणि ती त्यांना पटवून द्यायच्या भानगडीत मी कधी पडलो नाही.