कॅम्पिंगला इस्त्रीचा कुर्ता

कॅम्पिंगला इस्त्रीचा कुर्ता कोण नेतं? पहिली शंका मला तिथेच आली.

तेव्हा मी व्हिजिट व्हिसावर ताईकडे, शारजात अल नहदाला राहत होते. नोकरी मिळत नव्हती. पुण्यात असताना मी मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमांविरुद्ध पत्रकं लिहायचे, कॉलेजच्या गेटवर उभी राहून वाटायचे. इथे पत्रकं वाटायची सोय नाही, त्यामुळे सगळं ताईला ऐकावं लागायचं. तिने माझा घोषणा छापलेला काळा टी-शर्ट बॅगेतून काढला आणि पिवळा कुर्ता घडी न मोडता वर ठेवला. "डोंगरात गार असतं," म्हणाली. सुती कुर्त्याने कुठली थंडी जाते?

मला न विचारता मला कुणाला तरी दाखवायला नेतायत, हे एकदा डोक्यात बसलं आणि मग प्रत्येक गोष्ट पुरावा वाटायला लागली.

पुढे आमची गाडी. मागच्या गाडीत जिजूंच्या ऑफिसातले एक काका, काकू आणि त्यांचा इंजिनिअर मुलगा. ते दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसला राहणारे. रास अल खैमाच्या पुढे, डोंगर सुरू व्हायच्या आधीच्या पंपावर सगळे इथल्या दाट दुधाच्या करक चहाला उतरलो. काकूंनी मला न्याहाळत विचारलं, "तुझा जन्म पहाटेचा ना गं?"

"कॅम्पिंगला जन्मवेळ लागते का, काकू?"

"अगं, सहज विचारलं."

"यल्ला यल्ला, चला," जिजू मध्येच म्हणाले, "उजेड आहे तोवर तंबू लावू." जिजूंना घाई झाली की समजावं, काहीतरी लपवतायत.

मग रस्ता उघड्याबोडक्या तपकिरी डोंगरांत शिरला. वळणामागून वळण. झाड नाही, घर नाही, फोनला रेंज नाही. मुलीला उठून निघून जाता येऊ नये म्हणून कुणी जागा शोधली असती, तर हीच सापडली असती.

वादीच्या, म्हणजे ओढ्याच्या कोरड्या पात्राच्या काठाला, जरा सपाटीवर आम्ही थांबलो. ताईने गॅसची शेगडी मांडली, कांदे काढले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोहे तूच कर ना. तुझ्या हातचे मस्त होतात."

माझ्या पोह्यांचा लगदा होतो. ताई तो लहानपणापासून खात आलीय.

मी सरळ त्या मुलाकडे गेले. तो तंबूच्या खुंट्या ठोकत होता, आणि त्या खडकाळ जमिनीत एकही शिरत नव्हती.

"हा कार्यक्रम आहे का?"

त्याने हातोडी खाली ठेवली. "म्हणजे? हो. ठरलंय ना तसं."

"तुला कधी सांगितलं?"

"आठवडा झाला. फोटो पाहिला, विचार करून हो म्हणालो." मग माझा चेहरा बघून, "तुला?"

"मला कॅम्पिंग सांगितलं."

तो आईकडे वळला. तिथूनच म्हणाला, "आई, हिला कुणी विचारलंच नाहीये."

काकू ताईकडे वळल्या. "तुम्ही तर म्हणालात मुलगी तयार आहे."

ताई कांदा चिरत राहिली. जिजू गाडीच्या डिकीत काहीतरी शोधायला लागले, जे तिथे नव्हतं.

"हिला विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असती," ताई शेवटी बोलली. "व्हिसा संपत आलाय, नोकरी नाही. मी काय करायचं?"

"नाही म्हणाले असते, तर तेच उत्तर होतं. ते नको होतं म्हणून तू प्रश्नच गाळलास."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त डोळे पुसत होती, आणि कांदा तर केव्हाच चिरून झाला होता. मला वाईट वाटलं. तरी मी शब्द मागे घेतले नाहीत, आजही घेणार नाही.

काकू माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "बरं. मग आता मी विचारते. आमच्या मुलाचा विचार करशील?"

"नाही, काकू."

"खलास," काका म्हणाले आणि खुंट्या ठोकायला उठले. तंबू अर्धे लागले होते, परत जायचा कुणाला उत्साह नव्हता. पोहे काकूंनी केले. बरे झाले होते.

पुढच्या शुक्रवारी ताई म्हणाली, "अल ऐनला जाऊया, झू बघायला."

"अजून कोण कोण येतंय?" मी चपला घालत विचारलं.

ती उत्तर द्यायला जरा थांबली, तेव्हा मी पायातल्या चपला काढून ठेवल्या.