एस.टी.तला सेंट बर्नार्ड

पौडच्या स्टँडवर एक म्हातारा वासराएवढा सेंट बर्नार्ड कुत्रा घेऊन उभा होता. पुण्याचा साहेब विलायतेला परतताना तो या म्हाताऱ्यालाच देऊन गेलेला. कुत्रा चावेल म्हणून कंडक्टर चढू देईना. मग दोघांना मुळशीपर्यंत पायीच जावं लागणार होतं.

पागोट्याच्या टोकानं कुत्र्याची लाळ पुसत म्हातारा म्हणाला, "बर्फाच्या डोंगरातली जात हाय. तितं वाट चुकल्याली माणसं हुडकून आणत्यात."

मी रांगेतून पुढं होत कंडक्टरला म्हणालो, "चावणार नाही तो. मी घरातला पहिला बी.ए. आहे, सांगतो ना!"

"ते कुत्र्याला ठावं हाय का?" कंडक्टरनं विचारलं.

तेवढ्यात एका बाईचं रडकं पोर रांगत गेलं, कुत्र्याच्या पोटाला टेकलं आणि गप्प झालं.

म्हातारा हसला. "एवढ्या मोठ्याला रागवायची गरजच पडत न्हाई."

कंडक्टरनं दार उघडलं. वाटेत पोर कुत्र्याला टेकून झोपलं, तेव्हा कंडक्टरनं घंटीही वाजवली नाही. प्रत्येक थांब्यावर ड्रायव्हरला हळूच म्हणायचा, "चला."